आधी झाड, मग मासा

आपल्याकडे मासे पाळण्याचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी मासे आवडतात. मग ते ठेवायला काचेची टाकी आणली जाते. टाकी उघडीबोडकी दिसते म्हणून तळाला निळी-गुलाबी खडी पसरतात आणि तिच्यात प्लॅस्टिकची झाडे खोवतात. पाण्याचा विचार सगळ्यांत शेवटी, म्हणजे पहिला मासा उताणा तरंगू लागला की होतो. मग तो मासा गुपचूप बाहेर काढायचा, त्याच्यासारखाच दुसरा आणून सोडायचा आणि घरातल्या लहान मुलांना काही कळू द्यायचे नाही, असे सुरू होते. दोन-चार महिन्यांत सगळ्यांचाच उत्साह ओसरतो आणि टाकी माळ्यावर जाते. या साऱ्या व्यवहारात माशांचे भले होत नाही, घरातल्या माणसांचेही होत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याला घरात किंवा संस्थेत लहानशी गोड्या पाण्याची टाकी ठेवायची असेल, त्याने आधी तिच्यात जिवंत पाणवनस्पती लावाव्यात. त्यांनी मूळ धरेपर्यंत, निदान महिना-दीड महिना, टाकीत एकही मासा सोडू नये. आणि एवढा धीर नसेल तर टाकी घेऊच नये.

हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. यंदा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी निरोपाची भेट म्हणून आपल्या वाचनकक्षाला दोन फुटी फिश टँक द्यायचे ठरवले आहे. भेटीची यादीही तयार आहे : टाकी, रंगीत खडी, प्लॅस्टिकची सहा झाडे, बुडबुडे सोडणारा एक शिंपला आणि सहा गोल्डफिश. निरोप समारंभाच्या दिवशी प्राचार्यांच्या हस्ते मासे सोडायचे आणि टाकीसमोर सर्वांनी छायाचित्र काढायचे, असा बेत आहे. माझा विरोध भेटीला नाही, यादीला आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, शास्त्र शाखेची नाही. परंतु घरी दोन टाक्या सांभाळत असल्यामुळे आणि या छंदाचा थोडाफार इतिहास वाचला असल्यामुळे चार गोष्टी सांगण्याचे धाडस करते.

इतिहासापासूनच सुरुवात करू. काचेच्या भांड्यात मासे ठेवण्याची हौस जुनी आहे, पण आज ज्याला आपण अॅक्वेरियम म्हणतो त्याची कल्पना हौसेतून निघाली नाही, एका प्रश्नातून निघाली. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ लंडनमध्ये होते. पाणी सारखे न बदलता मासे जगू शकतील काय, हा त्यांचा प्रश्न. सुमारे बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात त्यांनी दोन लहान गोल्डफिश ठेवले आणि तळाच्या वाळू-मातीत व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे ठीक राहिले, पण वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या काही गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले आणि पुढे अनेक महिने ते बदलावे लागले नाही. १८५० साली त्यांनी ही हकिकत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन लोकांसाठी खुले झाले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला.

यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की अॅक्वेरियमच्या मूळ कल्पनेत वनस्पती ही शोभेची वस्तू नव्हतीच. मासा, झाड आणि गोगलगाय असे ते तिघांचे बिऱ्हाड होते. त्यातल्या झाडाच्या जागी आपण प्लॅस्टिक बसवले, गोगलगाईच्या जागी फिल्टर बसवला आणि उरलेल्या एकट्या माशाकडून तो सुखाने नांदेल अशी अपेक्षा धरली. फिल्टर उपयोगी आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु प्लॅस्टिकचे झाड पाण्यासाठी काहीही करत नाही. महिन्याभरात त्याच्यावर तपकिरी थर चढतो आणि मग ते शोभेचेही राहत नाही.

जिवंत झाड पाण्यासाठी नेमके काय करते, ते पाहू. मासा मुख्यतः आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच सुटतो. नदीत किंवा तळ्यात तो अफाट पाण्यात विरून जातो. दोन फुटी टाकीत मात्र जाणार कोठे? अगदी थोड्या प्रमाणातही तो माशाचे कल्ले जाळतो. निसर्गात याची व्यवस्था आहे. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जिवाणू वाळूवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर, झाडांच्या पानांवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ही वस्ती नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ‘आम्ही रोज पाहत होतो, पाणी अगदी स्वच्छ होते, तरी मासे मेले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे उत्तर बहुधा येथे असते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ दिसणारे पाणी आणि राहण्याजोगे पाणी यांत फरक आहे.

वनस्पती मात्र पहिल्या दिवसापासून थोडा थोडा अमोनिया स्वतःच उचलतात, कारण त्यांना वाढीसाठी नत्र हवेच असते. माशाला जे विष, ते झाडाला अन्न. शिवाय उजेडात त्या प्राणवायू सोडतात. शाळेत आपण सर्वांनी हा प्रयोग पाहिला आहे, निदान पुस्तकातली त्याची आकृती तरी काढली आहे : पाण्याने भरलेले चंचुपात्र, त्यात हायड्रिलाच्या फांद्या, वर पालथे नरसाळे, नरसाळ्यावर पालथी परीक्षानळी आणि नळीत जमणारे बुडबुडे. या आकृतीला पाच गुण मिळतात म्हणून आपण ती पाठ केली. परंतु त्यामागे केवढा शोध आहे! पाण्यातली पाने उजेडात बुडबुडे सोडतात, अंधारात सोडत नाहीत, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली प्रसिद्ध केले. आपले जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासासाठी हायड्रिलाच निवडली होती. ती आकृती वहीतून उठून वाचनकक्षातल्या मेजावर जिवंत उभी राहणार असेल, तर ती संधी प्लॅस्टिकसाठी का घालवावी?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यात अवघड असे फारसे नाही, क्रम तेवढा पाळावा लागतो.

प्रथम जागा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू घातल्यावर आणि वरची थोडी जागा सोडल्यावर ४३-४५ लिटर राहते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ६५ ते ७० किलोपर्यंत जाते. तेव्हा डुगडुगणारे मेज चालणार नाही. थेट ऊन येणारी खिडकीही नको, कारण उन्हाने पाणी तापते आणि काचेवर हिरवा थर धरतो. याहून लहान टाकी किंवा गोल काचेचे भांडे घ्यावे असे काहींना वाटते. स्वस्त पडते हे खरे, पण पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते आणि लवकर बिघडते. नवशिक्याने दोन फुटांच्या खाली जाऊ नये.

मग तळ. बारीक खडी किंवा जाडसर वाळू पाणी निवळशंख येईपर्यंत धुऊन दोन इंचांचा थर द्यावा. दोन फुटी टाकीला सुमारे १५ किलो पुरते. दगड ठेवायचा असेल तर आपला काळा पाषाण उत्तम. समुद्राची वाळू, शिंपले आणि संगमरवराचे तुकडे टाळावेत. त्यांतला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जड होते. शंका असल्यास दगडावर लिंबाचे चार थेंब टाकून पाहावेत. फसफसले तर त्यात चुना आहे. ज्यांना पुढची पायरी गाठायची असेल ते खडीखाली बागेतल्या साध्या, खत न घातलेल्या मातीचा इंचभर थर देतात. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे ही पद्धत सर्वत्र माहीत झाली. मातीतून झाडांना अन्न मिळते आणि ती कुजताना थोडा कार्बन डायऑक्साइडही मिळतो.

पाणी नळाचे चालते. त्यातला क्लोरीन जाण्यासाठी ते बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते असे उडून जात नाही. तेथे दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे थेंब वापरावेत. विंधनविहिरीचे जड पाणी असले तरी निराश व्हायचे कारण नाही. व्हॅलिसनेरियाला ते चांगलेच मानवते.

आता झाडे. दुकानात गेल्यावर लाल-जांभळ्या पानांची, नाजूक, महागडी रोपे डोळ्यांत भरतात. त्यांना भरपूर प्रकाश आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड द्यावा लागतो. तो मोह पहिल्या वर्षी आवरावा. साध्या टाकीत तग धरणारी मंडळी वेगळी आहेत. पहिली व्हॅलिसनेरिया. हिरव्या फितींसारखी लांब पाने, वाळूत धावणारी मुळे, आणि पाहता पाहता एकाची दहा रोपे. ती लावताना पानांचा जुडगा जेथून फुटतो तो भाग वाळूच्या वर ठेवावा, गाडला तर कुजतो. दुसरी हायड्रिला. फांदी तोडून खोवली तरी जगते. तिसरी सेरॅटोफायलम, जिला दुकानदार हॉर्नवर्ट म्हणतात. तिला मुळेच नसतात, नुसती पाण्यात सोडायची. या तिघी झपाट्याने वाढतात, म्हणजेच झपाट्याने अमोनिया उचलतात, म्हणून नव्या टाकीत त्यांची गरज सर्वांत जास्त. सावकाश वाढणाऱ्यांत जावा फर्न आणि अनुबियास. या दोघांचे आडवे खोड वाळूत पुरायचे नसते, दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचे असते. मंद प्रकाशातही ती समाधानाने राहतात. एक सावधगिरी मात्र हवी : ‘लकी बांबू’सारखी काही रोपे पाण्यातली म्हणून विकली जातात, ती पाण्यातली नव्हेत. पूर्ण बुडवून ठेवली की काही आठवड्यांत सडतात.

प्रकाशाचे गणित सोपे आहे. साधा पांढरा एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास. अधिक ठेवला तर झाडे अधिक वाढतील हा समज चुकीचा आहे. अधिक वाढते ते शेवाळ. दिव्याला टायमर लावला की सुट्टीच्या दिवशीही कोणाला येऊन बटण दाबावे लागत नाही.

आणि आता तो कसोटीचा महिना. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाडे सुधारण्याऐवजी बिघडतात. याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. रोपवाटिकेत बरीचशी रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती बुडवली की हवेतली जुनी पाने गळतात आणि पाण्यात जगू शकतील अशी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरिन नावाची वनस्पती तर जागा बदलली एवढ्यानेच सगळी पाने विरघळवून टाकते. खाली मुळे जिवंत असतात आणि काही आठवड्यांनी नवा कोंब वर येतो. नेमक्या याच वेळी माणूस अधीर होतो, रोप उपटून मूळ कुजले का ते पाहतो आणि खरोखरच त्याला मारतो. या महिन्यात करायचे ते एवढेच : कुजकी पाने काढायची, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे, आणि जिवाणूंची वस्ती बसावी म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे. बाकी पाहत राहायचे. अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे थेंब दुकानात मिळतात. दोन्ही शून्यावर आले आणि झाडांना नवी पाने फुटली की टाकी माशांसाठी तयार झाली.

मग मासे कोणते? गोल्डफिश निश्चितच नकोत. लहानपणी तो बोटाएवढा दिसतो, पण नीट वाढला तर वीतभर होतो, सतत घाण करतो आणि कोवळी पाने खातो. सहा गोल्डफिश दोन फुटी टाकीत ठेवणे म्हणजे सहा म्हशी दिवाणखान्यात बांधण्यासारखे आहे. त्याऐवजी सहा-सात झेब्रा डॅनिओ आणावेत. हा दीड इंची पट्टेरी मासा भारतीय उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. किंवा डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खाते वाटते ते गप्पी मासे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण आता आपल्या खेडोपाडी ओळखीचे झालेले. त्यांना पिले फार होतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. सगळे मासे एकदम न आणता दोन-तीन हप्त्यांत आणावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. उपाशी मरणाऱ्या माशांपेक्षा अति खाऊ घातल्याने पाणी बिघडून मरणारे मासे कितीतरी अधिक.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की महिनाभर नुसते पाणी आणि गवत पाहायला कोण येणार? मला वाटते, येथेच आपली परीक्षा आहे. आपल्या आजीने तुळशीवृंदावनात रोप लावले ते पाहायला कोणी येईल म्हणून लावले नव्हते. रोज तांब्याभर पाणी घालणे हेच त्यातले काम होते आणि समाधानही तेच होते. वाचनकक्ष ही तर धीराने बसण्याचीच जागा. जेथे परीक्षेच्या आधी आठ दिवस तयार उत्तरांची पुस्तके हातोहात जातात, तेथे सहा आठवडे वाट पाहायला लावणारी एखादी वस्तू असावी, हे वावगे होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माशांना कोंडून ठेवणेच अन्यायाचे, मग झाडे खरी असली काय अन् खोटी असली काय? या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. कोंडणे ते कोंडणेच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य आहे : मासे ऐच्छिक आहेत, झाडे ऐच्छिक नाहीत. नुसत्या झाडांची, दोन गोगलगाईंची टाकीही पूर्ण टाकी असते. तिच्यात पाहण्यासारखे पुष्कळ घडते. व्हॅलिसनेरियाची मादी फुले लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतात, आणि नर फुले खाली तळाशी सुटून एकेकटी वर तरंगत येऊन त्यांना गाठतात. शिवाय झाडांच्या टाकीत पुढे मासे आलेच तर त्यांना आडोसा मिळतो, आणि वीज दोन-तीन तास गेली तरी ते लगेच गुदमरत नाहीत. अर्थात रात्री झाडेही प्राणवायू वापरतात, म्हणून माशांची गर्दी कधीच करू नये.

तिसरा आक्षेप ग्रंथालयातून येईल : एवढ्या पैशांत पुस्तके का घेऊ नयेत? टाकी प्लॅस्टिकची होणार असेल तर हा आक्षेप मला शंभर टक्के पटतो. पुस्तकेच घ्यावीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. टाकीतली झाडे वाढतात. छाटावी लागतात. छाटलेले कोठे टाकायचे? ‘जिवंत आहे, मारायचे कशाला, नदीत सोडून देऊ’ असा सद्भाव आपल्या मनात सहज येतो. माशांच्या बाबतीतही तोच. हा सद्भाव फार महागात पडलेला आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सुंदर जांभळ्या फुलांसाठी ती जगभर बागांतून नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे बंगालात पोचली. आज पुण्याच्या मुळा-मुठेत, कोल्हापूरच्या पंचगंगेत उन्हाळ्यात ती काय करते हे सांगायला नको. केरळातल्या कालव्यांत आणि खाचरांत साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीने असाच उच्छाद मांडला होता. १९८०च्या दशकात मूळच्या ब्राझीलमधल्या एका लहानशा किड्याच्या मदतीने तिला आळा बसला. आणि दोष नेहमी परक्या वनस्पतीचाच असतो असेही नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातली ती गरीब हायड्रिला १९५०च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेली, कालव्यांत सुटली आणि तेथे ती अत्यंत उपद्रवी तणांपैकी एक ठरली. येथे जी आपली, तीच तेथे आक्रमक. म्हणून नियम एकच : टाकीतले काहीही नदी, नाला, विहीर, तलाव यांत सोडायचे नाही. छाटलेले उन्हात पूर्ण वाळवायचे आणि कुंडीत खत म्हणून घालायचे. जास्तीचे मासे दुसऱ्या टाकीवाल्याला द्यायचे किंवा दुकानात परत करायचे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. टाकीतले नदीत नको, तसेच रानातले टाकीत नको. सहलीला गेल्यावर डबक्यातले सुंदर रोप पिशवीत घालून आणण्याची आपल्याला सवय आहे. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात वायतुरा नावाची वनस्पती उगवते. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला तिचा तुरा असतो. शास्त्रज्ञांनी १९८२ साली तिला साताऱ्याच्या नावावरून नाव दिले, अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांखेरीज ती जगात कोठेही आढळत नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील स्थळांबरोबर कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अशा रोपाचा एक कंद उपटून दोन फुटी टाकीत आणणे म्हणजे ग्रंथालयातल्या दुर्मीळ हस्तलिखिताचे पान फाडून वहीत ठेवण्यासारखे आहे. ते टाकीत जगणार तर नाहीच, रानातलेही एक कमी होईल. रोपवाटिकेत वाढवलेली साधी व्हॅलिसनेरिया आपल्याला पुरे.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. आपल्या महाविद्यालयात कोणतीही नवी वस्तू आली की ती सांभाळण्याचे काम आपोआप शिपाईमामांच्या गळ्यात पडते. वाचनकक्षाच्या खिडक्या, पंखे, घड्याळ, पाण्याचा पिंप हे सगळे तेच पाहतात. ही टाकीही त्यांच्याच माथी मारायची असेल तर ती येऊ नये. वर्गावर्गातून सहा विद्यार्थ्यांची यादी करून फळ्यावर लावावी आणि शनिवारी दोन बादल्या पाणी बदलण्याची पाळी ठरवून घ्यावी. एका पाळीला अर्धा तास पुरतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातच राहणाऱ्या दोघांची नावे आधीच लिहून घ्यावीत.

म्हणून तृतीय वर्षाच्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. टाकी जरूर द्या. यादीतली रंगीत खडी, प्लॅस्टिकची झाडे आणि मासे खोडा, त्या पैशांत एक चांगला दिवा आणि टायमर घ्या. टाकी मार्चमध्ये येऊ द्या, पण ती भरायची घाई करू नका, कारण पुढे परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी आहे. जूनमध्ये महाविद्यालय उघडले की आम्ही मागे राहिलेले वाळू धुऊ, झाडे लावू, जुलैभर कुजकी पाने काढत बसू. सगळे नीट झाले तर ऑगस्टमध्ये सहा लहान मासे येतील. तोवर तुम्ही येथे नसाल, आणि निरोपाच्या छायाचित्रात टाकी रिकामीच दिसेल, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याकडे आंब्याचे झाड लावणारा माणूस फळे कोण खाणार याचा हिशेब करत नाही. तुमच्या भेटीला तेवढा मोठेपणा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.